काढून टाकलेल्या घंटीचं कार्ड

ईरा, नील,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांना मी भाजीवाल्याशी झालेला वादसुद्धा सांगत असे.

आत्ताच का? मागच्या रविवारी ईरा फोनवर म्हणाली, "आजी, आम्ही एक जुनं फीचर काढलं. त्याचं सगळं डॉक्युमेंटेशन मी एकटीने साफ केलं. ते कधी होतं असं कोणाला वाटणारही नाही." मी "छान" म्हटलं आणि आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

मी संगणकाच्या कंपनीत होते हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीची एम.ए., कॉलेजात जागा मिळेना, म्हणून माहितीपुस्तिका लिहायची नोकरी धरली. तेव्हा हिंजवडीत शेतं होती आणि आमचं ऑफिस डेक्कनवर, तीन खोल्यांचं. आमची प्रणाली पुण्यातल्या लहान हॉस्पिटलांत चालायची. लहान म्हणजे खाली दवाखाना, मधल्या मजल्यावर दहा-बारा खाटा आणि वर डॉक्टरांचं घर.

तिच्यात एक सोय होती. वॉर्डातल्या संगणकाची एफ नाइन ही कळ दाबली की वर डॉक्टरांच्या घरात घंटी वाजे. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य येई — डॉक्टरांना कळवलं आहे, वाट पाहावी. ते वाक्य माझं. कळ कधी दाबायची हे सांगणारं कार्ड प्रत्येक यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवलेलं असे. तेही माझंच. दुपारी एक ते चार डॉक्टरांच्या दाराची बेल वाजवायची नाही, हा सगळीकडचा शिरस्ता. म्हणून ही सोय सगळ्यांना आवडली होती.

मग ती घंटी आपोआप वाजू लागली. डॉक्टर धावत खाली यावेत आणि खाली कोणी बोलावलेलंच नसावं. शनिवार पेठेतल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई आमच्या साहेबांना म्हणाल्या, "अहो, तुमचं हे भूत घेऊन जा. पेशवाईतली आहेत तेवढी आम्हाला पुरतात." आमच्या ऑफिसातल्या मुलांनी महिनाभर शोधलं. कारण सापडलं नाही. शेवटी सोयच काढायची ठरली. तारा तोडल्या, घंट्या उतरवल्या, डॉक्टरांना बोलवायला साधे इंटरकॉम बसले.

उरलं ते माझं काम. प्रत्येक हॉस्पिटलात जाऊन पुस्तिकेतली जुनी पानं काढायची, नवी लावायची, भिंतीवरचं कार्ड उतरवायचं आणि संगणकात सुधारलेल्या प्रणालीची फ्लॉपी घालायची — कारण ती घालेपर्यंत एफ नाइन दाबल्यावर माझं वाक्य येतच राहणार होतं. वर काहीही वाजणार नव्हतं, पण वाक्य येणार होतं.

मी तक्ता केला. हॉस्पिटलांची नावं, पुढे चौकटी, चौकटीत खूण. तुम्ही माझे तक्ते पाहिले आहेत, हसलाही आहात. रिकामी चौकट मला बघवत नाही. शनिवार पेठ शेवटची होती. गुरुवारी जायचं ठरवलं होतं आणि बुधवारीच खूण करून तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. गुरुवारी गेले नाही. आजारी होते? नाही. घरात काही अडचण? नाही. कंटाळा आला. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, आणि असाच महिना गेला.

त्या हॉस्पिटलात सुमन सिस्टर होत्या. पंचेचाळिशीच्या, एकट्या, वीस वर्षं तिथेच. इंटरकॉम बसला तेव्हा त्या बहिणीच्या आजारपणासाठी गावी होत्या. परत आल्या त्या दुपारी वॉर्डात त्या एकट्याच होत्या, आणि घंटी काढल्याचं त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ, पासष्टीचे, घामाघूम होऊन छाती धरून बसले. दुपारचे अडीच. सिस्टरांनी कार्ड वाचलं. कळ दाबली. डॉक्टरांना कळवलं आहे, वाट पाहावी.

त्यांनी वाट पाहिली. त्या गृहस्थांचा हात धरून, दाराकडे बघत, बारा मिनिटं. मग धावत वर गेल्या. डॉक्टरीणबाई खाली येईपर्यंत ते गृहस्थ गेलेले होते.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "शनिवार पेठेत तुम्ही गेला होतात ना?"

"गेले होते," मी म्हणाले. कसलीही तयारी न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सिस्टरांना वर डॉक्टरीणबाईंकडे बोलावलेलं होतं. वॉर्डात शांतता. ती खाट धुतलेली, गादी पालथी घातलेली. मी कळ दाबून पाहिली. माझं वाक्य आलं — हिरवं, स्थिर. ते वाचून मी, जिने ते लिहिलं तिनेच, दाराकडे वळून पाहिलं.  मग फ्लॉपी घातली. पुस्तिकेतली पानं बदलली. कार्ड पट्टीने अलगद सोडवून पर्समध्ये टाकलं. भिंतीवर फिकट चौकोन उरला, त्यावर इंटरकॉमच्या नंबराचं नवं कार्ड बसवलं. ते जरा मोठं होतं. चौकोन पूर्ण झाकला गेला.

इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल.

सिस्टर खाली आल्या. भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मॅडम, इथलं कार्ड?"

"ते कधीच काढलं, सिस्टर. महिना होऊन गेला."

त्यांनी कळ दाबली. पडदा कोरा. पुन्हा दाबली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी काल काय वाचलं?"

 काय वाचलं होतं हे जगात मला एकटीलाच माहीत होतं, आणि ते माझ्या पर्समध्ये होतं.

आणखी एक सांगायचं आहे. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, त्या दुपारी त्यांना घंटी ऐकू आली. तारा तोडलेल्या, घंटी उतरवलेली — म्हणून भास समजून त्यांनी कूस बदलली. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. काही कळलेलं नाही.

सिस्टरांनी तीन पानी जबाब लिहून दिला. तो तांत्रिक अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. मी खाली लिहिलं, "अशी सोय प्रणालीत नाही. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नाही." लिहिलं त्या दिवशी त्यातला शब्द न् शब्द खरा होता. भिंतीवरचं कार्ड नक्की कधी उतरलं हे तिथे कोणाला आठवेना, आणि माझ्या तक्त्यात खूण होती. सिस्टरांना कामावरून काढलं. डोक्यावर परिणाम झाला असावा, असं लोक सहानुभूतीने बोलत. त्यांना दुसरीकडे कुठे घेतलं नाही.

सात-आठ वर्षांनी त्या मला स्वारगेटला भेटल्या. भेटल्या कसल्या — त्यांनी मला ओळखलं नाही. बस समोर उभी होती, पाटीवर मोठ्या अक्षरांत कात्रज. त्या माझ्या बाहीला हात लावून म्हणाल्या, "ताई, एवढं वाचून दाखवता का? कात्रजच आहे ना?"

मी म्हणाले, "कात्रजच आहे."

"नाही, मला दिसतं," त्या म्हणाल्या. "मला कात्रजच दिसतं. पण दुसऱ्याला विचारल्याशिवाय मी चढत नाही."

कंडक्टर ओरडला, "मावशी, रोज तेच विचारता. हीच ती. चढा आता." त्या चढल्या. तेव्हा बोलले असते तर? बस सुटायला वेळ होता. मी पाटी वाचून दाखवली, एवढंच केलं.

यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. हे मी तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नाही — तेही याच हिशेबात धरा.

कार्ड मी त्याच आठवड्यात कापून बंबात घातलं. तक्ता ऑफिस बंद झालं तेव्हा रद्दीत गेला. त्या हॉस्पिटलच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. जबाबाची एक प्रत माझ्या कपाटात आहे, खाली माझी सही आहे. सुमन सिस्टर कात्रजला भाचीकडे राहतात. हयात आहेत.