तेल पाजलेला सागवान

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. माहेर प्राणहितेच्या पलीकडे. उन्हाळ्यात सोडून आलो तेव्हा नदी गुडघाभर होती. श्रावणात अशी फुगली की डोंगेही बंद पडले. तिकडे तिचे दिवस भरत आलेले, आणि इकडे अहेरीत मी बाबांच्या फर्निचरच्या दुकानात दुसऱ्यांच्या लग्नाचे पलंग ठोकत बसलेलो.

दुकानामागे कुठल्याशा खात्याने भंगारात काढलेली फायबरची नाव पडली होती. तिच्यात कोंबड्या राहत. हीच दुरुस्त करून पलीकडे जायचं, असं ठरवून त्यांना बेघर केलं आणि तळावरची फळी उचकटली, तर नावेचा तळ ताठ धरणाऱ्या आतल्या लाकडी पट्ट्या कुजून चहाच्या चोथ्यासारख्या झालेल्या. लाकूडच तर आहे, म्हटलं. आम्ही सुतार!

चंद्रपूरहून काचेचं कापड आणि ते लाकडावर चिकटवायचं रेझीन मागवलं. दुकानाच्या शिस्तीप्रमाणे नवा सागवान गुळगुळीत रंधला, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, मगच पट्ट्या बसवून वर कापड नि रेझीन चढवलं. काम इतकं देखणं झालं की बायकोसमोर मारायची फुशारकीही तयार ठेवली.

गावतलावात नाव सोडून आत पाय ठेवला, तर तळ लवला आणि कापड लाकडावरून सायीसारखं सुटून आलं.

काठावरून बाबा म्हणाले, "तेल लावलं काऊन बे?"

"आपण सगळ्यालेच लावतो ना."

"पलंगाले लावतो. तेलावर चिकटते का काही? जायची एवढी घाई, अन् पालिश करून राह्यला!"

पुन्हा सगळं उपसलं. कोरं, खरखरीत लाकूड बसवलं. पण त्या दमट हवेत रेझीन वाळेना. सकाळी बोट लावून पाहायचो, चिकटायचं. मग नदीवर जाऊन उभा राहायचो. पलीकडे धूर दिसला की तो सासरच्याच चुलीचा वाटायचा.

नदी उतरल्यावर पहिल्याच डोंग्याने मेहुणा आला. "पोरगी झाली, भाऊजी. दोघी बऱ्या आहेत." मग नावेकडे पाहून हसला. "ह्याच्यात बसून येत होते का? ताई रोज म्हणे, ते यायले काहीतरी करून राह्यले असतील."

त्याच डोंग्याने मी त्याच्यासोबत गेलो.

आता पूल झाला आहे. बायको सकाळी माहेरी जाते, संध्याकाळी परत येते. जाताना फ्रिजमधल्या भाजीची सूचना देऊन जाते. पुलावर कधी गाडी थांबवून मी पाणी बघतो. त्या श्रावणासारखी तिची आठवण पुन्हा आली नाही. यावी, असं फार वाटतं.