डॉक्टरांचा चहा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हृदयविकारावर व्याख्यान होतं. व्याख्यान कसलं, अर्धा तास नुसते सत्कार! डॉक्टरांच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं उरली.

मी मागच्या दाराशी उभा होतो. तिथून हॉलचं स्वयंपाकघर दिसतं. शेजारच्या कुसुमवहिनींनी चहाचं भलंमोठं पातेलं उतरवलं आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. एक हात जबड्यावर.

माइकवर डॉक्टर सांगत होते, "बायकांच्या छातीत कळ येईलच असं नाही. धाप लागते, जबडा दुखतो. त्यांना वाटतं, दमले असेन." पुढच्या रांगांतले पुरुष माना डोलावत होते. हे ज्यांनी ऐकायचं, त्या सगळ्या आत कांदा चिरत होत्या. घरात बाई शेवटी जेवते, तसंच हे. माहितीसुद्धा तिच्या पानात उरलीसुरलीच पडते. आणि 'चहा-फराळ : महिला मंडळ' हे कार्यक्रमपत्रिकेत कुणी लिहिलं? मीच.

आत जाऊन विचारलं, "वहिनी, दाढ दुखतेय का?"

"दाढ कुठली आता, कवळी आहे मला. चार दिवस झाले, जिना चढला की ठणकतं."

"चला, आधी डॉक्टरांना सांगू."

"नंतर हो! त्यांचा चहा निवेल," म्हणत त्यांनी कपांचा ट्रे उचलला.

मी त्यांच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि त्यांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. भाषण थांबलं. डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, चहाचं काय झालं?"