भिंतीपलीकडचा तास

पांढुर्ण्याहून आमच्या सौंसरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला येणारे ते सर एककाशिवाय बोलतच नाहीत. टपरीवरही नुसतं 'दोन' नाही, 'दोन कप' म्हणतात, 'कप'वर जोर देऊन. मी तोच विषय शेजारच्या वर्गात शिकवतो.

परवा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "पांढुर्णा किती दूर हाय रे?"

"एक तास!" पोरं ओरडली.

"तास लांबीचं एकक कधीपासून झालं? मग तुझी उंची किती, पाच मिनिटं?"

तिकडे हशा उसळला. माझी पोरं फळा सोडून भिंतीकडे पाहत होती. काल मी माझ्या वर्गात तोच प्रश्न विचारला. "किलोमीटरमध्ये सांगू का, सर?" एकानं थंडपणे विचारलं. कोणी हसलं नाही.

माझी मुलगी त्यांच्या वर्गात आहे. आज जेवताना म्हणाली, "बाबा, सर लई मस्त शिकवून राहिले."

"माझ्यापेक्षा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मीटरची अन् किलोची तुलना होत नसते, बाबा. ते सर आहेत, तुम्ही बाबा."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मीटर-किलोचं ते वाक्य मी सकाळीच भिंतीपलीकडून ऐकलं होतं.