साहेबांचा टिळा माझ्या कपाळावर

परवा साहेब गेले. काल अग्नी दिला. आज सकाळपासून मी तीनदा गाडी धुतली.

गाडी स्वच्छच होती. कुठं जायचं पण नव्हतं.

बायको म्हणती, "रडा की हो एकदा." कुठनं रडू? येतच नाही.

मी साहेबांचा ड्रायव्हर. मूळचा कोल्हापूरकडचा. गोव्यात डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आलो, एका इलेक्शनला साहेबांच्या जीपवर बसलो, तो कायमचाच.

टीव्हीवर दिवसभर साहेबांची दिल्लीतली भाषणं दाखवत्यात. टेबलावर हात आपटणारे साहेब. लोक म्हणतात, वाघ होता.

होता की. पण वाघ एका दाराला भ्यायचा.

ते दार पेडण्यात, केरीला. साहेबांच्या थोरल्या बहिणीचं.

बाई मराठी शाळेत शिकवायच्या. भाषेचा वाद पेटला तेव्हा साहेब कोकणीच्या स्टेजवर आणि बाई मराठीच्या मोर्च्यात. भावाबहिणीचं भांडण मात्र कोकणीतच झालं! बाई म्हणाल्या, "माझ्या दारात परत येऊ नको." साहेब पण हट्टी. गोवा वेगळं राज्य झालं, साहेब मंत्री झाले, तरी गेले नाहीत.

पण दर भाऊबीजेला साडी जायची.

डिचोलीच्या बाजारात साहेब स्वतः निवडायचे. सेक्रेटरी बाहेर उभा. "भडक नको. शाळेत नेसता आली पाहिजे."

बाई रिटायर झाल्या तरी हेच वाक्य.

पहिल्या वर्षी मी साडी घेऊन गेलो, तर बाईंनी हात पण लावला नाही. म्हणाल्या, "बस पाटावर."

"अहो बाई, मी ड्रायव्हर."

"त्याच्या जागी आलास ना? मग बस."

टिळा लावला, ओवाळलं, गुळाचे पोहे दिले. मग साडी घेतली. भावाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

परत आल्यावर मी रुमालानं टिळा पुसाय लागलो, तर साहेब ओरडले, "पुसू नकोस!"

त्या दिवशी दिल्लीला निघालेले, पण ते मागं बसले नाहीत. माझ्या शेजारी बसले. एअरपोर्ट येईपर्यंत माझ्या कपाळाकडं बघत होते.

मग दर वर्षी असंच.

एकदा मोरजीचा प्रोग्राम आटोपला आणि मी न विचारता गाडी केरीच्या रस्त्याला घातली. वळणावरनं बाईंच्या घराची कौलं दिसली तसं साहेब म्हणाले, "वळव."

"साहेब, पाच मिनिटं फक्त."

"तिनं दार लावून घेतलं तर? मग ती तुला पण पाटावर बसवायची नाही. वळव."

मी वळवली. नोकर माणूस.

नको होती वळवायला. त्याचा आज लई राग येतोय, माझाच मला.

काल बाईंना आणायला मीच गेलो.

बंगल्यावर फुलं, कॅमेरे, मंत्री. दोरीपाशी पोलीस म्हणाला, "या कोण?"

"बहीण."

"साहेबांना बहीण होती?"

बाई जवळ गेल्या. बोट साहेबांच्या कपाळावर टेकवलं आणि वर ओढलं, टिळा लावतात तसं. बोटाला कुंकू नव्हतं.

परत सोडायला गेलो, तेव्हा अंगणात उतरून त्यांनी विचारलं, "माझा टिळा बघायचा तो?"

"बघायचे. पुसू द्यायचे नाहीत."

"मग आला का नाही रे?"

"आलेले बाई. त्या वळणापर्यंत. मीच गाडी फिरवली."

बाई वळणाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "दार उघडंच असतं रे माझं, दिवसभर."

मी गाडीत बसलो. त्या काचेपाशी आल्या.

"यंदा दुखवट्याचं वर्ष. सण नाही. तरी भाऊबीजेला ये. साडी नको आणूस."

साहेब, यंदा पण जाऊन येतो.

टिळा नसणार. तुमच्या जागी बसून येतो.

शेवटचा नमस्कार.

तुमचा ड्रायव्हर.