भीमराजने सुधारलेला आवाज

मानखुर्दच्या त्या इमारतीत कुणाचा मिक्सर बंद पडला की पहिली हाक भीमराजला, आणि भीमराजचं उत्तर ठरलेलं. "आपण फक्त ॲम्प्लिफायर बघतो." सांगायचा थाट असा, की बाकी सगळं कंपाउंडरची कामं आणि हा हृदयाचा सर्जन. दिवसा तो मरोळच्या एका कारखान्यात वायरमन. संध्याकाळी घरी आला की चपला काढायच्या आधी सोल्डरिंगचं बटण चालू. भंगारातून उचललेले, कुणाच्या माळ्यावर पडलेले जुने स्टिरिओ ॲम्प तो उघडायचा, फुगलेले कॅपॅसिटर काढून नवे, वरच्या दर्जाचे बसवायचा, आणि मेलेलं यंत्र असं बोलायला लागायचं की शेजारचे भिंतीवर थापा मारायचे.

"माझी पाठ दुखते ती ह्यांना ऐकू येत नाही," त्याची बायको सपना पॅसेजमध्ये सांगायची, "आणि स्पीकरमधली बारीक घरघर झोपेत ऐकू येते."

खोली एवढीशी. दोन स्पीकर मांडले तर सपनाला भाजी जिन्यात चिरावी लागेल. म्हणून भीमराजकडे तपासायला एकच स्पीकर, फ्रिजच्या डोक्यावर. आधी ॲम्पची डावी बाजू त्याला जोडायची, मग उजवी. दोन्ही झकास वाजल्या की काम पास. ह्या पद्धतीने त्याला कधी दगा दिला नव्हता.

तळमजल्यावर सुंदराबाई राहायची. तिचा नवरा, सगळ्यांचे नाना, जयंतीच्या मंडळात भीमगीतं गायचे. आवाज असा की माइक लाजायचा. ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं. मागे राहिला त्यांचा जुना ॲम्प, टेपरेकॉर्डर, दोन मोठे स्पीकर, आणि मंडळाने एकाच माइकवर भरलेली त्यांची कॅसेट. सुंदराबाई रोज सकाळी ती लावूनच चूल, म्हणजे गॅस, पेटवायची.

"त्यात मधे मधे कर्र होतं रं," ती भीमराजला म्हणाली. "तेवढं काढ. बाकी हात नको लावू."

तेवढंच काढेल तो भीमराज कसला! "मावशी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाना समोर बसून गातायत असं वाटेल. बघच तू." त्याने कॅपॅसिटर बदलले, ट्रान्झिस्टर बदलले, मागची गंजलेली जोडणी उपटून नवी चकचकीत टर्मिनलं बसवली. फ्रिजवर डावी बाजू वाजली, उजवी वाजली. पास!

नानांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सोसायटीचा हॉल भरला. वंदना झाली, दोन जण नानांबद्दल बोलले. मग भीमराज उठला, इस्त्रीच्या शर्टात. ॲम्पमध्ये काय काय घातलं ते त्याने इतकं सांगितलं की शेजारचा विकी मागून ओरडला, "अरे, नानांना गाऊ दे ना आता!"

कॅसेट लागली. ढोलकी कुठे गेली कळेना. नानांचा आवाज पातळ, पोकळ, पिंपात तोंड घालून कुणीतरी गातंय तसा. लोक एकमेकांकडे बघू लागले. भीमराजच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"ॲम्प एकदम ओके आहे. कॅसेट गेली, मावशी. रोज रोज वाजवून आवाज झिजला."

सुंदराबाई उठली. कॅसेट काढून तिने पदरात गुंडाळली.

त्यानंतर तळमजल्यावर सकाळी गाणं लागेना. पाण्याची मोटर ऐकू यायची, कुकरच्या शिट्ट्या यायच्या, नाना नाही. भीमराज कामावर जाताना त्या दारावरून भरभर उतरायचा. सपनाने विचारलं, "कॅसेट खरंच झिजते का हो?" तो म्हणाला, "झिजते ना." टेप झिजते हे खोटं नव्हतं. पण एका दिवसात नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी सुंदराबाईनेच त्याला चहाला आत ओढलं. "मी वाजवतच नाही आता जास्त," ती म्हणाली. "लईच वाटलं तर हळू लावते आणि ह्या एका खोक्याला कान लावून बसते. तिथं नाना असतोय. मधी बसलं की जातोय."

भीमराजचा चहा तोंडातच राहिला. एका स्पीकरपाशी आहे, दोघांच्या मधे नाही. म्हणजे नवी टर्मिनलं बसवताना एका बाजूची लाल-काळी वायर त्यानेच आतून उलटी जोडली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोन्हीकडून सारखाच येणारा नानांचा आवाज दोघं मिळून मारत होते. फ्रिजवरच्या एकट्या स्पीकरला हे कळणार कसं?

तो ॲम्पच्या मागे वाकला. त्या बाजूच्या स्पीकरच्या दोन वायरी काढून त्यांची अदलाबदल केली. कॅसेट लावली तशी ढोलकी घुमली, आणि नाना खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

सुंदराबाईने तोंडावर पदर धरला. मग दारात जाऊन हाका मारल्या. "अगं दर्शना, विकी, या रं! भीमराजनं माझी कॅसेट बरी केली! झिजलेला आवाज परत आणला ह्यानं!" माणसं जमली. विकीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं यार, कॅसेटपण दुरुस्त करतोस?"

गप्प राहिला असता तर त्याचं नाव गोवंडीपर्यंत गेलं असतं. पण म्हातारी त्याचे हात हातात घेऊन कपाळाला लावू लागली. ते मात्र त्याला सोसेना.

"मावशी, सोड. कॅसेटला काही झालंच नव्हतं. वायर मी उलटी जोडली होती. आणि त्या दिवशी... मला लाज वाटली म्हणून कॅसेटवर ढकललं."

नाना गातच होते. सुंदराबाईने त्याचे हात सोडले.

"म्हणजे मी वाजवून वाजवून त्याला झिजवला नाही?"

"नाही."

"रोज उठून मला तेच वाटायचं रं. आपणच आपल्या हातानं पुसला त्याला." ती खाली बसली. मग म्हणाली, "हॉलमध्ये सगळ्यांदेखत बोललास ना? ही चारच माणसं आहेत. बाकीच्यांना कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

"जा मग."

भीमराज उठला. पहिल्या मजल्यावर जानकीने दार उघडलं, हातात लाटणं, पाठीमागे टीव्ही चालू. "काय रे, सकाळी सकाळी?"

त्याने सांगितलं. जानकीने नीट ऐकून घेतलं आणि खळखळून हसली. "एवढंच होय! मला वाटलं कुणी गेलं की काय." आणि दार लावून घेतलं.

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याने शेजारची बेल दाबली.