डोहाच्या अलीकडून

माझ्या मैत्रिणीला चालताना पाहून ही कुठेही वेळेवर पोचेल असं कुणालाच वाटलं नसतं. ती अकोल्याची, मी पुण्याची. ऑस्ट्रेलियात शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली होती त्या दिवसांत, क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरातल्या एका घरात आम्ही सहा जणी राहायचो. लेक्चर आणि शिफ्टच्या मध्ये ती एकाच गोष्टीबद्दल बोलायची: मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली लाल कातळाची घळ आणि तिच्या टोकाचा डोह. परीक्षा झाली की ती कायमची परतणार होती, म्हणून शेवटच्या सेमिस्टर ब्रेकमध्ये आम्ही दोघी निघालो.

घळीच्या तोंडाशी पाटी होती, माणशी चार लिटर पाणी न्या. मला हसू आलं. सह्याद्रीतले पंचवीस-तीस गड पालथे घातलेली मी. गडावर पाण्याचं टाकं असतंच, नाहीतर निम्म्या वाटेत एखादी मावशी लिंबू सरबत घेऊन बसलेली असते. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली होती की मी एक लिटरची बाटली घेऊन निघाले. हिने डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली, पाठीवर पाच लिटर पाणी, आणि खिशात कांदा.

"कांदा कुठून आणलास?"

"मोटेलच्या किचनमधून. नो वरीज म्हणाला तिथला कुक. ऊन लागत नाही यानं."

मी तिची मनसोक्त टिंगल केली आणि पुढे सुटले. वाळू, मग घरांएवढे धोंडे, मग पुन्हा वाळू. ती मागून कड्याच्या सावलीने सावकाश येत होती. अकराच्या सुमारास माझी बाटली संपली. टाकं नव्हतं, मावशीही नव्हती. मागे फिरून पाणी मागायची लाज वाटली, म्हणून तशीच चालत राहिले. तासाभरात घाम यायचा थांबला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी वाळूतच बसले. मागून ती येऊन पोचली.

"काऊन बसली गं?" तिने माझे ओठ पाहिले. सावलीत ओढलं, ओढणी भिजवून माझ्या मानेवर ठेवली, घोट घोट पाणी पाजलं. एका शब्दाने बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर शंभर टोमणे मारले असते.

नकाशाप्रमाणे डोह पुढच्या वळणामागे होता, अर्ध्या तासावर.

"तू बघून ये," मी म्हणाले. "मी बसते इथे."

ती वळणाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ऊन लागलेल्या माणसाला आमच्याकडं एकटं सोडत नाहीत. चल, हळूहळू उठ." माझी सॅकही तिनेच घेतली. परतीच्या वाटेवर मला स्वतःची इतकी चीड आली की रडू आवरेना. ती मात्र दर दहा मिनिटांनी थांबून बाटली पुढे करायची. इतक्या शांत डोक्याचं माणूस मी एकाही गडावर पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर बाकीच्या चौघी तिच्याभोवती जमल्या. डोह कसा होता?

"नाही गेलो गं. माझेच पाय भरून आले," ती सहज म्हणाली.

मी गॅसपाशी आमटी ढवळत होते. खरं काय ते सांगायला मला भरपूर वेळ होता. "अगं, एवढ्या लांब जाऊन?" असं चौघी तिला चिडवत होत्या, आणि मी आमटीला मीठ घातलं.