गुडघे ठणठणीत आहेत

बाबांचा मला इतका राग होता की रविवारी देवळात त्यांच्या जवळ बसायची वेळ आली, तर मी मधे आईला बसवायची. लोक म्हणायचे, तुझे वडील म्हणजे देवमाणूस. असतील बाई. देवमाणसाच्या घरात चार दिवस राहून बघा, मग बोला.

बाबा लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. रेल्वेचा साहेब दिसला की त्यांचा हात आपसूक कपाळाला जायचा, दिवसातून दहा वेळा. हे आधीच सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना भलताच शूर करून टाकलं. सरकारशी भांडायला निघालेला माणूस नव्हता तो. डाळभात, यार्ड आणि रविवारचं आमचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ, एवढंच त्यांचं जग.

देवळात बाकं नव्हती. लांब सतरंजी, तिच्यावर सगळे सारखे. गाणी बसून, उपदेशही बसून ऐकायचा. उभं राहायचं ते फक्त प्रभूची प्रार्थना म्हणताना. ही रीत कुठल्या पाद्रीसाहेबाने घातलेली नव्हती, आजोबांच्या पिढीने घातली होती. कार्ल्याच्या बाजूला त्यांचं गाव, घरं गावाबाहेर. पाटील जावो नाहीतर फौजदार, हातातलं काम टाकून उभं राहायचं, आणि तो दिसेनासा होईपर्यंत उभंच. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या लोकांनी आपसात ठरवलं की देवाच्या घरात आपण बसायचं, उठायचं ते एकासाठीच. लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे. पाय आखडायचे तेवढं आठवतं.

सातवीची परीक्षा मी पास झाले आणि मास्तरीण व्हायचं माझ्या डोक्यात बसलं. पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. जागा मिळायला पाद्रीसाहेबांची शिफारशीची चिठ्ठी लागायची. साहेब विलायतेहून नवेच आले होते, पण म्हणाले, "रविवारी उपासना झाली की लिहून देतो." आईने माझ्यासाठी दोन नवी पातळं आणून ठेवली. मी तर मनाने पुण्यात जाऊन राहिलेसुद्धा होते.

त्या रविवारी इंग्लंडच्या बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाल्याची खास उपासना होती. मे महिना, त्यामुळे खंडाळ्याच्या बंगल्यांतली साहेबमंडळी आली होती. त्यांच्यासाठी खुर्च्या मागवल्या होत्या. प्रभूच्या मेजावर, क्रुसाला अगदी लागून, बादशहाची तसबीर, तिला कागदी फुलांचा हार. शेवटी पेटीवर बादशहाचं गाणं सुरू झालं. खुर्च्यांवरचे ताडकन उठले. आमचे लोक एकमेकांकडे बघत राहिले, मग एकेक करून उठले. मीही उठले, आई उठली. आणि खाली बघते तर सतरंजीवर बाबा, मांडी घालून.

गाणं संपेना. कपाळ माझं, त्या गाण्याला कडवी तरी किती!

उपासना संपल्यावर साहेब जवळ आले. आई शहाणी. ती पुढे होऊन म्हणाली, "साहेब, ह्यांचं गुडगं लय दुखत्यात. उठवत न्हाई." साहेबांचा चेहरा सैल पडला. निभावलं होतं सगळं! तेवढ्यात हे गृहस्थ ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई साहेब. गुडगं ठणठणीत हायती. हितं एकासाठीच उठायचं आसतं, म्हून बसलो."

साहेब ओरडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. चिठ्ठीचा विषय मी काढला तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या मुलीला पाठवलं.

घरी आल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "दोन मिनिटं! दोन मिनिटं उभे राहिला असतात तर काय स्वर्गाचं दार बंद होणार होतं?"

"बादशासाठी मी रोज प्रार्थना करतो की," ते म्हणाले. "राज्य चालवायचं म्हंजे लय जड काम. पन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. त्याची न्हाई."

"आणि माझी चिठ्ठी?"

"ती माझ्यामुळं गेली, व्हय."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा! कबूलच करून मोकळा. मी त्या दिवशी जेवले नाही. पातळं आईने ट्रंकेच्या तळाशी घातली.

पुढची बारा वर्षं मी खंडाळ्याच्या बंगल्यांमधून शिवणकाम केलं. पडदे, उशांचे अभ्रे, मडमांचे फ्रॉक. संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर पोरांना अक्षरं शिकवायची, तीही फुकट. चळवळ पेटली तेव्हा गावातली काही मंडळी बाबांना हार घालायला आली, बादशहापुढे न उठलेला वीर म्हणून. बाबांनी हात जोडले आणि सांगितलं, "तुमच्यासाठी न्हाई बसलो मी." ते चिडून गेले. मग साहेबही नाराज, हेही नाराज. महायुद्ध संपता संपता बाबा वारले. शेवटपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग स्वातंत्र्य आलं. माझ्यासारखी आनंदाने रडलेली बाई लोणावळ्यात दुसरी नसेल. दारावर झेंडा मी स्वतः शिवून लावला. गावात नवी शाळा निघाली, आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, आमच्याकडचे मोठे पुढारी, मला म्हणाले, "ट्रेनिंग नसलं तरी चालेल. बारा वर्षं शिकवताय की तुम्ही. रविवारी मी तुमच्या देवळात येतोच आहे, तिथे नक्की करून टाकू." तिशीच्या उंबरठ्यावर हातातोंडाशी घास आला होता.

रविवारी आम्ही आभाराची उपासना केली. पाद्री आता आमच्यातलेच होते. प्रभूच्या मेजावर, क्रुसाला लागून, देशाच्या थोर नेत्याची तसबीर, तिला हार. या खेपेला झेंडूचा, खरा. शेवटी पाद्री म्हणाले, "आता सर्वांनी उभं राहून तसबिरीला वंदन करू या." सगळे उठले. माझी ओसरीवरची पोरंही उठली. पुढारी पुढेच उभे होते.

मीही उठणारच होते. देवाशपथ, उठायचंच होतं मला. त्या नेत्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नव्हता, उलट त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करत होते. पण तेच मेज, तीच जागा, तोच हार. मी स्वतःला म्हटलं, ऊठ गं, मूर्ख बाई, ऊठ. आणि बसून राहिले.

पुढाऱ्यांनी वळून बघितलं. आमचे पाद्री भले, माझ्यासाठी जीव तुटला त्यांचा. घाईघाईने म्हणाले, "बाईंचे गुडघे दुखतात हो. पावसाळ्यात फार धरतात." पुढारी हसून मान हलवायला लागले. मला फक्त गप्प बसायचं होतं. आईने मारलेलीच थाप, बारा वर्षांनी पुन्हा माझ्या पुढ्यात. शाळा, खडू, फळा, सगळं त्या थापेपलीकडे मांडून ठेवलेलं.

"न्हाई," मी म्हटलं. जन्मभर मी शहरी बोलत आले, पण तोंडातून हे असंच आलं. "गुडगं ठणठणीत हायती."

शाळेत दुसरी बाई लागली. ती चांगली आहे, पोरांना मारत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडी आपटली, ट्रंक आपटली, दार आपटलं. बारा वर्षं माझं काहीही बिघडलं की बाबांचं नाव घेऊन मोकळी व्हायची मी. आता ते नाव घेण्याचं तोंडही मला उरलं नव्हतं.